पुढच्या सालातून आलेला मतदार

डोंबिवली पूर्व, ऑक्टोबर २०१५. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये तुम्ही पाचव्या रांगेत बसला आहात. खुर्चीच्या पांढऱ्या कव्हरवर कुठल्याशा लग्नातल्या श्रीखंडाचा डाग आहे. बाहेर वाहिनीची ओबी व्हॅन उभी आहे, तिच्या जनरेटरची घरघर आत येते, म्हणून सूत्रसंचालक तिसऱ्यांदा माइक तपासतोय. कल्याण-डोंबिवली महापालिकेचं मतदान १ नोव्हेंबरला आहे. मंचावर चार पक्षांचे चार उमेदवार बसलेत. पुढच्या चार रांगा त्यांनीच आणलेल्या माणसांनी भरल्यात. टाळ्या कुठे वाजवायच्या हे त्यांना पाठ आहे.

तुमच्या हातात एक छापील कागद दिलाय. प्रत्येक उमेदवारासमोर दोन रकाने: ‘मांडणी’ आणि ‘खरेपणा’, दोन्हींना दहापैकी गुण. पहिला रकाना सोपा आहे. तिसऱ्या खुर्चीतला गृहस्थ बोलायला लागला की हात कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जाऊ देत नाही, वाक्य संपवताना नेमका लाल दिवा लागलेल्या कॅमेऱ्याकडे बघतो. आठ गुण, डोळे मिटून. दुसऱ्या रकान्यापाशी पेन अडतं. त्यासाठी तुम्हाला आज एक सवलत आहे. कार्यक्रम संपेपर्यंत कुठल्याही सालात जाऊन यायची मुभा.

पहिलाच प्रश्न आधारवाडीचा. कल्याणचं हे डम्पिंग ग्राउंड इतकं गळ्याशी आलंय की घनकचऱ्याची व्यवस्था होईपर्यंत नव्या बांधकामांना परवानगी देऊ नका, असं उच्च न्यायालयाने याच वर्षी एप्रिलमध्ये पालिकेला बजावलंय. तिसऱ्या खुर्चीतला म्हणतो, “आमची सत्ता आली की सहा महिन्यांत आधारवाडी बंद!” टाळ्या. तुम्ही उठता आणि सहा महिन्यांनंतरच्या आधारवाडीला जाऊन उभे राहता. डम्पर रांगेत उभेच आहेत. २०१७, २०१९: तेच. खाडीकडून वारा आला की आसपासच्या इमारतींत खिडक्या लावून घेण्याची घाई तीच. कचरा टाकणं थांबलेलं बघायला तुम्हाला २०२१ पर्यंत यावं लागतं.

परत येऊन तुम्ही खरेपणाच्या रकान्यात शून्य लिहायला जाता, आणि थांबता. माणूस खोटं बोलला, की त्याला अंदाजच नव्हता? सहा महिने हा आकडा त्याने कुणाला विचारून सांगितला? हे साल बदलून कळत नाही. त्यासाठी त्याच्या डोक्यात उतरावं लागेल आणि ती मुभा तुम्हाला नाही.

मग दुसरी बाजू बघू म्हणून तुम्ही उलटे जाता.

ऑगस्ट १९६७. ठाणे. पाऊस लागून राहिलाय, मासुंदा तलावाच्या बाजूला सभा आहे आणि छत्र्यांच्या गर्दीत तुम्हाला व्यासपीठ दिसतच नाही. वक्ता कोण, उंच की बुटका, काही पत्ता नाही. खांबाला बांधलेल्या कर्ण्यातून आवाज तेवढा येतो. वर्षाचीच झालेली शिवसेना पहिली मोठी निवडणूक लढवतेय, ती ठाणे नगरपालिकेची. ४० पैकी १७ जागा तिला मिळतील आणि वसंतराव मराठे नगराध्यक्ष होतील, हे या छत्र्यांखाली फक्त तुम्हाला माहीत आहे.

सभेत एक रीत आहे, टीव्हीच्या चर्चेत ती कधीच दिसणार नाही. श्रोता चिठ्ठी लिहितो, पुढच्याच्या हाती देतो, ती डोक्यांवरून हातोहात व्यासपीठापर्यंत जाते. वक्त्याने वाचली तर वाचली. पण वाचली तर सगळ्यांसमोर, आणि उत्तरही सगळ्यांसमोर. ठाण्यात अजून सांगतात की बाळासाहेब ठाकरे यांच्या हाती अशाच एका सभेत ‘ठाण्याला नाट्यगृह हवं’ अशी चिठ्ठी गेली आणि त्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला. त्यातला सांगोवांगीचा भाग वजा करा. तुम्ही पुढे १९७८ मध्ये या, त्याच तलावाच्या काठावर. गडकरी रंगायतन उभं आहे, नगरपालिकेने बांधलेलं. तिकिटाच्या खिडकीशी रांग आहे. या शब्दाला किती गुण? दहा वर्षांहून अधिक काळ लागला, पण नाट्यगृह झालं. १९७० साली कुणी हा कागद भरायला दिला असता तर तुम्ही शून्यच दिलं असतं. गुण कुठल्या सालात उभं राहून देताय, यावर ते इतके हलतात, हे कळल्यावर हातातलं पेन जरा जड वाटायला लागतं.

आणि हो, १९६७ च्या त्या सभेत तुम्ही वक्त्याचा चेहरा न बघता ऐकत होता. त्याचा तोटा झाला असं तुम्हाला वाटतं ना? मग १९९४ मध्ये चला, थोडं लांब आहे.

लंडन. सर रॉबिन डे मुलाखतीला बसलेत. हा माणूस आयुष्यभर पुढाऱ्यांना प्रश्न विचारून घाम फोडत आला. आज त्याने स्वतः खोटं बोलायचं ठरवलंय, तेही सांगून-सवरून. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी त्याच्या दोन छोट्या मुलाखती घेतल्यात. एकीत तो म्हणतो, माझा आवडता सिनेमा ‘गॉन विथ द विंड’. दुसरीत म्हणतो, ‘सम लाइक इट हॉट’. एक खरं, एक साफ खोटं. दोन्ही मुलाखती टीव्हीवर दाखवल्या, रेडिओवर ऐकवल्या, वर्तमानपत्रात छापल्या आणि लोकांना विचारलं, खोटी कुठली? उत्तरं हजारोंनी आली. रेडिओ ऐकणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांहून अधिक लोकांनी खोटं बरोबर पकडलं. छापील वाचणाऱ्यांपैकी ६४ टक्के. टीव्ही बघणारे? ५२ टक्क्यांच्या आसपास. नाणं उडवलं असतं तरी जवळपास तेवढंच. (खोटी मुलाखत ‘गॉन विथ द विंड’ची होती.)

चेहरा दिसला की आपल्याला खात्री वाटते, आणि नेमकी तिथेच फसगत होते. नजर चुकवली, कपाळावर घाम आला, घोट घेतला, ही आपली ठरलेली लक्षणं. पण नजर लाजाळू माणूसही चुकवतो आणि स्टुडिओच्या दिव्यांखाली घाम कुणालाही येतो. उलट सराईत माणूस डोळ्यांत डोळे घालून सांगतो. या विषयावरचे शेकडो प्रयोग एकत्र करून २००६ मध्ये मानसशास्त्रज्ञ बॉन्ड आणि डीपाउलो यांनी जो ताळेबंद मांडला, त्यात माणूस खरं-खोटं बरोबर ओळखतो ते शंभरात ५४ वेळा. आपल्या आजीला माणूस बघताच कळायचा, असं घरोघरी सांगतात. आजीला तो माणूस वीस वर्षं माहीत असायचा, हा भाग सांगायचा राहून जातो.

शिकागोला, २६ सप्टेंबर १९६० च्या रात्री, निक्सन आणि केनेडी या अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या टीव्हीवरच्या चर्चेत, तुम्ही फक्त डोकावता, कारण ती गोष्ट सगळ्यांना थोडीफार ठाऊक आहे. निक्सन गुडघ्याच्या दुखण्यातून नुकतेच उठलेत, त्यांचा करडा सूट मागच्या करड्या पडद्यात विरघळतोय. केनेडी उन्हात रापून ताजेतवाने आलेत. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकलेले वाटले, हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं; त्यामागची पाहणी फार भक्कम नव्हती, असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवलंय. मला त्या निवडणुकीतली दुसरीच गोष्ट जास्त लागते. क्षेपणास्त्रांत अमेरिका रशियाच्या मागे पडलीय, हा केनेडी यांच्या प्रचाराचा मोठा मुद्दा होता. निवडून आल्यावर वर्षभरातच समोर आलं की दरी होती, पण उलट्या दिशेने; पुढे अमेरिका होती. त्या रात्री निक्सन यांना आलेल्या घामाची चर्चा साठ वर्षं चालली. या दरीची किती चालली?

तुम्ही डोंबिवलीलाच परत येता, पण १९७७ च्या फेब्रुवारीत. चाळीत एकाच घरी टीव्ही आहे, काळा-पांढरा. मुंबई दूरदर्शन सुरू होऊन पाच वर्षं व्हायचीत. चपला बाहेर, पोरं जमिनीवर, मोठी माणसं दारात. आणीबाणी सैल झालीय आणि विरोधी पक्षांना पहिल्यांदाच सरकारी रेडिओ-टीव्हीवर बोलायला वेळ मिळालाय. दिल्लीत मात्र ६ फेब्रुवारीला, काँग्रेस सोडून विरोधकांकडे आलेल्या जगजीवनराम यांची रामलीला मैदानावर सभा होती त्याच दिवशी, टीव्हीवर ‘बॉबी’ सिनेमा लावला गेला. माणसं तरीही मैदानावर गेली. (सरकारी माध्यमांची ही खोड लवकर सुटली नाही. २०२४ मध्येही माकपचे नेते सीताराम येचुरी यांना आकाशवाणी-दूरदर्शनवरच्या भाषणातले काही शब्द गाळावे लागले.)

ठाण्याच्या लोकसभेला उभे आहेत रामभाऊ म्हाळगी. आणीबाणीत तुरुंगात होते, आता जनता पक्षाकडून, चक्रातल्या नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर. मंचावर बसवून दोन रकान्यांत गुण द्यायचे ठरवलं, तर पहिल्या रकान्यात त्यांना फार मिळणार नाहीत, असं माझं मत. टाळ्यांची वाक्यं टाकणारा हा माणूस नव्हे. पण कोपऱ्यातले एक काका ट्रंकेतून एक पुस्तिका काढून तुमच्या हातात देतात. म्हाळगी विधानसभेत निवडून आले तेव्हापासून मतदारांसाठी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापत. वर्षभरात काय केलं, काय मांडलं, कशाचं पुढे काय झालं. तुम्ही ती पुस्तिका चाळता आणि कागदावरचा दुसरा रकाना एकदम भरता येईल असा वाटायला लागतो. यात चेहरा नाही, आवाजही नाही. तारखा आहेत. म्हाळगी १९७७ मध्ये निवडून आले, १९८० मध्ये पुन्हा, आणि १९८२ मध्ये गेले. त्यांच्या नावाची प्रबोधिनी उत्तनला आहे आणि व्याख्यानमाला ठाण्यात चालते. वार्षिक अहवालाची सवय किती जणांनी उचलली, ते तुम्ही तुमच्या नगरसेवकाला विचारून बघा.

वेळ होत आली. हॉलमध्ये परत.

आता मंचावर साडेसहा हजार कोटींवरून जुंपलीय. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी याच महिन्यात कल्याण-डोंबिवलीसाठी साडेसहा हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलंय. राज्यात एकाच मंत्रिमंडळात बसणारे भाजप आणि शिवसेना इथे समोरासमोर आहेत. एक म्हणतो, निधी आलाच समजा. दुसरा म्हणतो, गाजर. जूनमध्ये पालिकेत पुन्हा घातलेल्या २७ गावांवरून तिसरा ओरडतोय. सूत्रसंचालक मध्ये पडत नाही. भांडण चांगलं रंगलंय, त्याला जाहिरातीपर्यंत हेच हवंय.

या वेळी तुम्ही डोळे मिटून घेता. शेजारची बाई विचारते, बरं वाटत नाही का?

डोळे मिटल्यावर क्रियापदं ऐकू यायला लागतात. ‘करीन’ कुणी म्हणत नाही. सगळं ‘होईल’, ‘केलं जाईल’, ‘मार्गी लागेल’. तत्त्वतः मान्यता मिळालीय. पाठपुरावा सुरू आहे. युद्धपातळीवर. काम कोण करणार, कुठल्या खात्याच्या पैशातून, कुठल्या तारखेला, यातलं एकही वाक्यात नाही. मग पहिल्या खुर्चीतली उमेदवार, आतापर्यंत जिच्याकडे कॅमेराही फारसा वळला नव्हता, ती म्हणते, “गेल्या टर्मला मी आमच्या प्रभागातल्या नाल्याचं काम करून घेईन म्हटलं होतं. झालं नाही. निविदा दोनदा काढली, कुणी आलं नाही.” पुढच्या रांगांतून हसण्याचा आवाज. तुम्ही डोळे उघडता, मांडणीला चार लिहिता आणि खरेपणाला सात. पुरे दहा का नाहीत? निविदेचं तुम्ही तपासलेलं नाही म्हणून.

मतदानाच्या तोंडावर झालेल्या एका सभेलाही तुम्ही जाऊन येता. शिवसेनेची सभा आहे, उद्धव ठाकरे व्यासपीठावर आहेत. ठाण्याचे पालकमंत्री एकनाथ शिंदे बोलता बोलता भाजपच्या दादागिरीचा आरोप करतात आणि मंत्रिपदाचा राजीनामाच जाहीर करतात. मैदान उसळतं. वाहिन्या रात्रभर तेच दाखवतात. राजीनामा स्वीकारला जात नाही. २ नोव्हेंबरला निकाल: शिवसेना ५२, भाजप ४२, मनसे ९. त्याच महिन्यात महापौर शिवसेनेचा, उपमहापौर भाजपचा. तुम्ही सरळ जून २०२२ च्या तीस तारखेला जाता: भाजपच्या पाठिंब्यावर शिंदे मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतायत.

झालं, २०१५ चा राजीनामा नाटकच होतं, असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. इथे मी तुमचा हात धरीन. पुढच्या सालातून आलेल्या माणसाला ही एक घमेंड चढते. त्या संध्याकाळचा राग खरा असू शकतो आणि सात वर्षांनंतरचा निर्णयही खरा असू शकतो. खोटं बोलणं, शब्द न पाळणं आणि मत बदलणं, या तीन गोष्टी टीव्हीवर सारख्याच दिसतात. पहिलीला माफी नको. दुसरीचा हिशेब मागायचा. तिसरीचं कारण विचारायचं. मतं बदलणारा नव्हे, मत का बदललं हे न सांगणारा उमेदवार खरेपणाच्या रकान्यात गुण गमावतो.

हे पक्कं करून घ्यायला एप्रिल २०१९ मध्ये बसा, स्वतःच्याच हॉलमध्ये, टीव्हीसमोर. मनसेचा एकही उमेदवार रिंगणात नाही, तरी राज ठाकरे सभा घेतायत आणि मध्येच म्हणतात, “लाव रे तो व्हिडिओ!” मागच्या पडद्यावर मोदींची जुनी भाषणं येतात, मेळघाटातलं हरिसाल येतं, सरकारी जाहिरातीतलं डिजिटल गाव आणि प्रत्यक्षातलं गाव. पुढाऱ्याने दिलेली तारीख आणि आजची तारीख शेजारी-शेजारी ठेवायची, एवढंच ते तंत्र. तुम्हाला आज मिळालेली सवलत त्यांनी अख्ख्या मैदानाला वाटली. मग मे २०२४ मध्ये, कळव्याला. लोकसभेचे उमेदवार नरेश म्हस्के आणि श्रीकांत शिंदे यांच्यासाठी, म्हणजे मोदींच्या आघाडीसाठी, सभा राज ठाकरे यांचीच. गर्दीतला एक पोरगा फोनवर पाच वर्षांपूर्वीचाच व्हिडिओ बघतोय. आवाज बंद ठेवलाय त्याने, पण स्क्रीन मित्राकडे वळवलीय. तंत्र एकदा लोकांच्या हाती गेलं की शोधणाऱ्यालाही सुटका नाही.

एक थांबा राहिला. २००४, ठाण्याचं जिल्हाधिकारी कार्यालय. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतरची ही पहिली लोकसभा निवडणूक. उमेदवारांची शपथपत्रं फळ्यावर लावलीत: गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण. फळ्यापाशी गर्दी नाही. दोन वार्ताहर, एक वकील आणि तुम्ही. खोटी माहिती दिली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, असं कायदा म्हणतो. या कागदातून आश्वासनांबद्दल काही कळणार नाही. पण याच माणसाचा २००९ चा कागद आणून शेजारी धरला, तर पाच वर्षांत काय वाढलं आणि काय विसरलं, एवढं दिसतं. ओबी व्हॅनवाल्या चर्चेत हे दोन कागद टेबलावर ठेवून विचारणारा सूत्रसंचालक मी अजून पाहिलेला नाही. भांडण लावायला ते कागद लागतच नाहीत.

आता जानेवारी २०२६. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली होती. पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार हाकला आणि आता कुठे निवडणूक लागलीय. डोंबिवलीत वाहिनीची व्हॅन पुन्हा आलीय, या वेळी छोटी. डिश अँटेनाऐवजी एक पोरगा पाठीवर बॅग घेऊन थेट प्रक्षेपण करतो. तुम्ही पाठ केलेले प्रश्न घेऊन तयार आहात: कुठली फाइल, कुठलं खातं, कुठली तारीख, गेल्या वेळी काय म्हणाला होता. राज्यातल्या सत्ताधारी पक्षांचे बरेच उमेदवार मात्र मतदानाआधीच बिनविरोध निवडून आलेत. समोरच्यांनी अर्ज मागे घेतले.

“या प्रभागातल्या त्या जागेची चर्चा ठेवलेली नाही,” सूत्रसंचालक तुम्हाला सांगतो. “समोर बोलायला कुणी नाहीच ना.”

“अर्ज मागे घेणारे आहेत की,” तुम्ही म्हणता. “त्यांना बोलवा. का मागे घेतला, एवढंच विचारायचंय.”

तो हसतो, घड्याळ बघतो, बॅगवाल्या पोराकडे बघतो. तसा फॉरमॅट नाही म्हणतो.

“मग खुर्ची तरी मांडा त्यांच्या नावाची,” तुम्ही म्हणता, आणि कागदाच्या मागच्या बाजूला तिसरा रकाना आखायला घेता.